गुरुवारी फोटो धुवून मिळणार नाहीत

रास्ता पेठेत, पॉवर हाउसच्या अलीकडे,
आमच्या काउंटरवर अजून ती पाटी आहे:
'गुरुवारी फोटो धुवून मिळणार नाहीत.'
खाली कारण लिहिलेलं नाही. तेव्हा लागत नसे.
गुरुवारी नळ कोरडे,
आणि हायपोतून काढलेला फोटो
वाहत्या पाण्यात पुरेसा राहिला नाही
तर पिवळा पडतो.
माझ्या लग्नातले पडलेत तसा.

आता धुतं कोण?
निषाद गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून घेतो,
मशीन जीभ दाखवावी तसा
फोटो बाहेर काढतं, कोरडा ठक्क.
तरी विचारतात, "धुवून कधी मिळेल?"
आणि निषाद, ज्याच्या बोटांना जन्मात
डेव्हलपरचा वास लागलेला नाही,
मान वर न करता सांगतो,
"पाच मिनिटांत धुवून देतो."

मागे एक आजोबा पाटी वाचून मागे फिरले.
"हां, आज पाणी नाही ना," म्हणाले.
शुक्रवारी आले. बरोबर सुटे पैसे घेऊन.

मी इथली टचिंगवाली, एक्क्याऐंशी सालापासून.
शिसपेन्सिल सुईसारखी टोकायची,
निगेटिव्ह उजेडावर धरायची,
आणि जिथे सुरकुती, तिथे काळं भरायचं.
तिकडे काळं भरलं की इकडे चेहरा उजळतो,
हे मला विसाव्या वर्षी कळलं
आणि पुढे कुठेच उपयोगी पडलं नाही.
स्थळांना पाठवायचे फोटो असत.
किती पोरींचे देवीचे वण बुजवले,
नवऱ्यांनी नंतर काय पाहिलं कोण जाणे.
आता निषाद माउस फिरवतो
आणि म्हणतो, "काकू, टचिंग झालं."

डार्करूममध्ये झेरॉक्सचं मशीन आहे,
कागदाची रिमं, निषादची सायकल,
दिवसभर जळणारी ट्यूबलाइट.
तिला डार्करूमच म्हणतो आम्ही.
आत जाताना मी अजून दारावर दोनदा वाजवते,
आतून जो कुणी असेल तो म्हणतो,
"थांबा."
मी थांबते.

लग्नाला छत्तीसचा रोल.
बिडवेअण्णा दोन रोल नेत, तिसरा नाही, परवडत नसे.
रोल संपायचा आणि स्टेजवर माणसं चढतच असायची,
आत्या, शेजारी, ऑफिसातले,
हातात पाकीट, पाकिटात अकरा रुपये.
अण्णांना कुणाला दुखवायचं नसे.
ते नुसता फ्लॅश मारत.
लोक पदर सारखा करत, चष्मा काढत,
मुलाला पुढे घेत,
रिकाम्या कॅमेऱ्याकडे बघून हसत
आणि डोळे चोळत खाली उतरत.
मग दुकानात येत. "आमचा?"
"धुवायला टाकलाय," मी सांगायची.
या दोन शब्दांवर किती वर्षं निभावलं.
बहुतेक लोक तिसऱ्या खेपेला यायचे थांबत.

यमुनाबाई ढमढेरे थांबल्या नाहीत.
सत्त्याऐंशी साल, मामेभावाचं लग्न,
स्टेजवर त्या आणि त्यांची धाकटी बहीण,
दोघींच्या साड्या एका ठाणातल्या.
बहीण त्याच वर्षी कार्तिकात गेली.
पहिल्यांदा दर महिन्याला यायच्या,
मग वर्षातून एकदा, रेशनकार्डाच्या फोटोला,
आधारच्या, नातवाच्या शाळेच्या.
परवा हयातीच्या दाखल्यासाठी आल्या.
निषाद म्हणाला, "आजी, हसू नका."
त्या हसतच नव्हत्या.

पैसे देऊन झाल्यावर काउंटरवर वाकल्या,
हळू विचारलं, "आणि तो?"
मी पाटीकडे पाहिलं.
गुरुवारच होता.
"हो, पाणी नाही आज," त्याच म्हणाल्या,
"आमच्याकडेही नाही."
पिशवीत चार फोटो ठेवले, चेन लावली,
पायरीवर थांबल्या.
"निगेटिव्ह तरी जपून ठेवा हो."

"ठेवलीय," म्हटलं.